संत्र्याची यादी

१९ सप्टेंबर १९९४, सोमवार

चिठ्ठ्या निघाल्या! हेडमास्तर बकनरसरांची चर्चला घालायची हॅट, आणि तिच्यात माझ्या तिसरीच्या वर्गातली चौतीस नावं. किंग्स्टनहून आलेल्या मिस पिनॉक एकेक चिठ्ठी काढत होत्या. बाई तरुण आहेत, चष्मेवाल्या, पायांत आमच्या चिखलाला न शोभणारे बूट. पहिली सतरा नावं न्याहारीची. उरलेली सतरा संत्र्याची.

म्हणजे असं – उद्यापासून वर्षभर रोज सकाळी साडेआठला अर्ध्या वर्गाला मक्याच्या लापशीची वाटी, एक गोड बन, दूध. बाकीच्या अर्ध्यांना संत्र्याची एक चतकोर फोड. मग जूनमध्ये सगळ्यांची परीक्षा. वाचन, शुद्धलेखन, गणित. कोण किती पुढे गेलं ते मोजायचं. या डोंगरातल्या आठ शाळांत हेच चालणार.

मी विचारलं, सगळ्यांनाच का देत नाही?

"सगळ्यांना दिलं तर फरक न्याहारीनं पडला हे सिद्ध कसं करू, मिस डेकर्स? मला सरकारपुढे आकडे ठेवायचेत. पटले तर सगळ्या बेटावर, प्रत्येक शाळेत न्याहारी मिळेल."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. बाई मनापासून बोलत होत्या. मला पटलं.

"मग ते संत्रं तरी कशाला?"

"त्यांनाही काहीतरी मिळालं असं वाटावं म्हणून."

हं.

२० सप्टेंबर

शाळेची स्वयंपाकीण झिल्फा पहाटेपासूनच स्वयंपाकघरात. नारळाचं दूध नि जायफळाचा वास पार रस्त्यापर्यंत! मुलं आपणहून रांगेत उभी – अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा पाहिलं.

न्याहारीच्या मुलांना वीस मिनिटं लागली. संत्र्याच्यांना एक मिनिट. उरलेली एकोणीस मिनिटं ती सतराजणं नुसती बघत बसली.

उद्यापासून त्यांना तोंड दुसऱ्या बाजूला करून बसवायचं.

२१ सप्टेंबर

तोंड फिरवून काय होतंय. वास येतोच.

४ ऑक्टोबर

आज मंगळवार – तक्ता भरायचा दिवस. दर मंगळवारी प्रत्येक मुलाला विचारायचं, 'आज घरी काय खाऊन आलास?' आणि लिहायचं. विचारायला लागल्यावर कळतंय! चौतीसपैकी एकवीस मुलांनी सांगितलं, "चहा, मिस." चहा म्हणजे अंगणातला पुदिना उकळून वर साखर. मी इतकी वर्षं यांना साडेनऊला पाढे म्हणायला लावतेय आणि पेंगतात म्हणून छड्या मारतेय.



१३ ऑक्टोबर

जुनेलनं हात वर केला! दहाच्या तासाला, गुणाकाराला. परवापरवापर्यंत या पोरीचा आवाज कसा आहे तेही मला माहीत नव्हतं.

जुनेल आठ वर्षांची. तिची मोठी बहीण मार्वलिन नऊची. तीही माझ्याच वर्गात, कारण गेल्या साली नापास झाली. आई समुद्राकाठच्या एका हॉटेलात खोल्या झाडते, महिन्यातून एकदा येते. दोघी बापाच्या आत्याजवळ, मिस मर्टलकडे राहतात. म्हातारीचे पाय गेलेत. वरून दीड तास चालत उतरून येतात पोरी.

जुनेल न्याहारीच्या यादीत निघाली. मार्वलिन संत्र्याच्या.

८ नोव्हेंबर

जुनेलचा खिसा तेलकट.

"खिशात काय आहे गं?"

"काही नाही, मिस."

बन होता. आता लक्षात आलं – ही लापशी खाते, दूध पिते आणि बन खिशात घालते. मधल्या सुट्टीत संडासामागे मार्वलिन तो खाते. रोज! महिनाभर माझ्या नाकाखाली चाललंय.

पण नियम स्पष्ट आहे. यादीतलं खाणं यादीतल्या मुलानं, वर्गात, बाईंसमोर खायचं. मी जुनेलला सांगितलं, "इथंच बसून खा. मी बघतेय."

खाल्ला. डोळे खाली घालून. एकेक घास गिळायला पाणी लागलं तिला.

९ नोव्हेंबर

जुनेल म्हणते पोट दुखतंय. वाटी तशीच.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरा दिवस. लापशीवर साय धरली, ती हात लावेना. झिल्फानं स्वयंपाकघरातून पाहिलं आणि हाती लागलेल्या भांड्यांवर राग काढला. नुसती आदळआपट!

मी जुनेलला व्हरांड्यात घेऊन गेले.

"खरं सांग. पोट दुखतंय?"

तिनं नखानं कठडा खरवडला. मग, "मी खाल्लं ना मिस, की ती घरी पोचेपर्यंत बोलत नाही."

"रागावते?"

"नाही. मागत पण नाही काही. नुसती बोलत नाही. पुढे पुढे चालते."

दीड तासाची चढण. म्हटलं, जा वर्गात.

१५ नोव्हेंबर

मिस पिनॉक तक्ते न्यायला आल्या होत्या. मी विचारलं, एका मुलीची यादी बदलता येईल का? एकच मुलगी.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला कळत नाही असं समजू नका, मिस डेकर्स. पण एक नाव हलवलं की दुसरं हलवावं लागतं. मग चिठ्ठ्यांना काय अर्थ? एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

त्या गेल्यावर झिल्फा पातेलं घासता घासता म्हणाली, "वर्ष हिचं जातंय होय? पोरीचं जातंय."

आम्ही दोघी लहानपणापासून चर्चच्या एकाच बाकावर बसतो. म्हणून ती मला असं सुनावू शकते.

२० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पिनॉकबाईंचं चुकत नाही. उद्या हजार शाळांत वाटी मिळायची तर आज कुणीतरी मोजलंच पाहिजे. मी शिक्षिका आहे, मला मोजमापाची किंमत कळते.

पण मार्वलिन माझ्या फाटकासमोरून जाते. रोज. साडेसातला.

२१ नोव्हेंबर

हाक मारली.

दोघी थांबल्या. "मार्वलिन, आत ये. जुनेल, तू पुढे हो, तुझी वाटी शाळेत आहे."

मार्वलिनला वाटलं मार बसणार. पायरीवर उभीच. मी ताट पुढे ठेवलं – उकडलेली हिरवी केळी आणि कॅलालूची पालेभाजी. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे माझं, मिस?"

"नाहीतर काय कोंबड्यांचं? खा लवकर, घंटा होईल."

सगळं संपवलं. ताट घेऊन नळाखाली धुतलं, उपडं ठेवलं. मग म्हणाली, "मिस, जुनेलला सांगू?"

"सांग."

साडेआठला जुनेलनं वाटी चाटून पुसून साफ केली. बनसुद्धा!

२२ नोव्हेंबर

मंगळवार. तक्ता.

मार्वलिनच्या नावापुढे मी लिहिलं – 'काही नाही.'

हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात.

२९ नोव्हेंबर

परत लिहिलं. दुसऱ्यांदा हात तेवढा अडखळला नाही, हेच वाईट.

१६ जानेवारी १९९५

मार्वलिन आता वर्गात झोपत नाही. झोपत नाही म्हणजे – खोड्या काढते! आज शेजारणीची रिबन बाकाला बांधली. मी ओरडले, पण मनातून बरं वाटलं. झोपणारं पोर ओरडून घेत नाही.

२५ जानेवारी

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

वजाबाकी चालली होती. बावन्नातून सत्तावीस. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडून एक घ्यायचा – मी आपली नेहमीसारखी सांगत होते. मागून आवाज आला.

"मिस, तो एक परत कधी द्यायचा?"

मार्वलिन! वर्ग खो-खो हसला. मी नाही हसले. अठ्ठावीस वर्षं वजाबाकी शिकवतेय, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

काड्या घेतल्या. दहाच्या पाच जुड्या, वर दोन सुट्या. एका जुडीचा दोरा सोडून काड्या टेबलावर पसरल्या. ती पुढे आली, मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"म्हणजे घेतलाच नाही, मिस. नुसता सोडला!"

"बरोबर."

"मग असं का नाही सांगत?"

गेल्या साली हिला मी नापास केलं होतं. 'डोक्यानं मंद' असं शेरेवहीत लिहिलं होतं. आज ती वही काढून बघितली. खोडायला पेन घेतलं. नाही खोडलं. तारीख घालून खाली नवीन ओळ लिहिली.

७ फेब्रुवारी

फाटकाशी आज तिघं. मार्वलिन, आणि संत्र्याच्याच यादीतले आणखी दोघं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मिस. वास आला."

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी निम्मा वर्ग रिकामा असायचा. बाजाराचा दिवस, पोरं आयांबरोबर टोपल्या उचलायला जातात. आज चौतीसपैकी एकतीस हजर! बकनरसर दोनदा येऊन मोजून गेले.

१३ मार्च

नऊजणं झाली. एकटीला उरकत नाही. आज सव्वासहाला झिल्फा दारात.

"थोडी ओव्याची पानं दे गं," म्हणाली.

"तुझ्या परसात एवढी आहेत!"

"तुझी चांगली असतात." बाहेर कुणी ऐकतंय का ते पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि केळी सोलायला बसली. सव्वासात झाल्यावर उठून शाळेत लापशी ढवळायला गेली. पानं इथंच राहिली.

१७ मार्च

फाटकावर कुणीतरी दोन नीरफणस ठेवून गेलंय. काल कोनफळ होतं. कोण ते विचारायचं नाही असं ठरवलंय.

२ मे

चौदाजणं! तक्त्यात चौदा वेळा 'काही नाही.' हल्ली मी तो तक्ता मुलं गेल्यावर भरते. त्यांच्यासमोर लिहवत नाही. ती वाचायला लागलीत ना आता.

१४ जून

परीक्षा झाली. मिस पिनॉक स्वतः घेत होत्या. मार्वलिननं वजाबाकीची सगळी गणितं सोडवली आणि मागच्या कोऱ्या बाजूला काड्यांच्या जुड्या काढल्या. जुनेल लवकर आटोपून खिडकीबाहेर बघत होती. मी तोच फळा तीनदा पुसला. परीक्षा कुणाची होती कोण जाणे.

२८ जून

मिस पिनॉक आकडे घेऊन आल्या. बकनरसरांच्या खोलीत आम्ही तिघं.

"तुमचा वर्ग सगळ्यात पुढे आहे," त्या म्हणाल्या. सरांनी छाती फुगवली. "पण मला कोडं पडलंय. बाकीच्या शाळांत न्याहारीची मुलं संत्र्याच्या मुलांपेक्षा पुढे आहेत. फार नाही, थोडी. तुमच्याकडे काहीच अंतर नाही. दोन्ही याद्या सारख्याच वाढल्यात."

"मग चांगलंच की," सर म्हणाले.

"चांगलं आहे. पण याचा अर्थ इथे न्याहारीनं काही फरक पडला नाही. तुम्ही छान शिकवता, मिस डेकर्स, म्हणून मुलं पुढे गेली. मला तसंच लिहावं लागेल. आणि तुमचा वर्ग मोठा. सगळ्या शाळांमधल्या अंतराची सरासरी खाली येईल."

"येऊन काय होईल?"

"सरकार म्हणेल, चांगले शिक्षक असले की झालं. न्याहारी कशाला?"

मी खिडकीबाहेर पाहत बसले. चौदा पोरं मला फाटकाशी उभी दिसत होती, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही!

२९ जून

बकनरसरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. छपराकडे बघत म्हणाले, "मला माहीत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? तुमच्या घरचा वास माझ्या घरीही येतो."

"मी त्यांना पत्र लिहिणार आहे."

ते ताडकन सरळ झाले. "अहो, कुणी विचारलंय का? विचारलंय का तुम्हाला? पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी आहे; ही शाळा तिच्यातून गेली तर झिल्फाची लापशीही गेली. त्या सतरा मुलांचीसुद्धा! तुमच्या खरेपणापायी."

"आणि नाही लिहिलं तर सगळ्या बेटाची जाईल."

"बेटाचं बेट बघेल. माझं काम ही शाळा बघायचं."

तेही खोटं बोलत नव्हते. हीच तर पंचाईत – या सबंध वर्षात मोठ्या माणसांत खोटं कुणीच बोललं नाही. मी सोडून.

१ जुलै

पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात सबबीच जास्त. दुसऱ्यात रडगाणं. तिसरं एका पानाचं. कुणाला, कुठल्या दिवसापासून, काय खाऊ घातलं. चौदा नावं. तक्त्यातल्या कुठल्या ओळी खोट्या. खाली सही.

झिल्फा म्हणाली, "माझं नाव घाल त्यात. केळी मी सोलली."

घातलं.

२१ जुलै

उत्तर आलं. टाइप केलेलं, सही शाईची. 'आपल्या प्रांजळपणाबद्दल आभारी आहे. मात्र आपली शाळा मोजणीतून वगळणे भाग आहे. येत्या वर्षी साहित्य पाठवता येणार नाही.'

पत्र घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

४ सप्टेंबर, सोमवार

शाळा उघडली. ट्रक आला नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी झिल्फा पहाटेच येऊन चूल झाडून बसली होती. साडेआठला न्याहारीच्या यादीतली मुलं सवयीनं रांगेत उभी राहिली. जुनेल पुढे. मग एकेक करून आपापल्या वर्गात गेली.

मार्वलिनही पास होऊन चौथीत गेलीय. जाता जाता दारात थांबली. "मिस, आता सगळेच संत्र्याचे?"

संत्रंही नाही, बाळ. पण हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या सगळेजण माझ्या अंगणात या.

५ सप्टेंबर

सगळे म्हटलं की सगळे येतात! चाळीस पोरं, तीन वर्गांतली. केळी पुरली नाहीत. मोठ्यांनी आपणहून लहानांना पुढे काढलं. दहाच्या तासाला चौघं पेंगत होती आणि मला त्यांची नावं न बघता सांगता आली असती.

असं किती दिवस चालेल? झिल्फा म्हणते, चालेल तितके दिवस.

८ सप्टेंबर, शुक्रवार

मिस पिनॉक आल्या. न कळवता, बस पकडून. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं पत्र घेऊन मी बाकीच्या सात शाळांत गेले. वाचून दाखवलं आणि गप्प बसले." पाच शाळांतल्या शिक्षिकांनी मान खाली घातली. कुणी घरी खाऊ घालत होतं, कुणी स्वतःचा डबा देत होतं. तक्त्यात कुणीच लिहिलं नव्हतं! म्हणून अंतर थोडं.

"अर्धा वर्ग उपाशी बसवून मोजायला मला या डोंगरात शिक्षक मिळणार नाहीत," त्या म्हणाल्या. "संत्र्याची यादी बंद. आठही शाळा, सगळी मुलं. या वर्षाच्या निकालाची न्याहारी नसतानाच्या वर्षांशी तुलना करू. सोमवारी ट्रक येतोय."

झिल्फाकडे वाट्या सतराच आहेत. आम्ही दोघी आता घरोघरी मागायला निघालोय.